शेतकामात स्मार्टफोनचे दुर्लक्षित उपयोग

खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत आता स्मार्टफोन पोहोचला आहे. नातेवाइकांशी बोलणे, बाजारभाव विचारणे आणि फावल्या वेळी करमणूक करून घेणे, एवढ्याकरिता त्याचा बहुधा उपयोग केला जातो. शिवारात रेंज नसेल किंवा महिन्याचा रिचार्ज संपला असेल, तर ते यंत्र निरुपयोगी झाले असे समजून घरी ठेवून दिले जाते. ही समजूत बरोबर नाही. स्मार्टफोनमधील कॅमेरा, घड्याळ, गजर, टाइमर, ध्वनिमुद्रक व कॅलक्युलेटर ही साधने रेंजवर अवलंबून नसतात. किंबहुना आपण कोणत्या ठिकाणी उभे आहोत हे दर्शविणारी यंत्रणादेखील आकाशातील उपग्रहांच्या संकेतांवर चालते; तिला सिमकार्डाचीही गरज नसते. रेंज नसताना स्थान निश्चित होण्यास थोडा अधिक वेळ लागतो व नकाशाचे चित्र पडद्यावर उमटत नाही, एवढाच काय तो फरक.

शेतकऱ्याचे पुष्कळसे नुकसान असे असते की, ते झाल्यानंतर दाखविण्यास त्याच्याजवळ काहीच नसते. बियाणे उगवले नाही, परंतु पिशवी फेकून दिलेली असते. फवारणीत विषबाधा झाली, परंतु औषधाचे नाव कोणास ठाऊक नसते. ठिबकच्या शेवटच्या ओळीतील झाडे वाळली, परंतु तेथे पाणी किती कमी पडत होते हे कोणी मोजलेले नसते. अशा प्रसंगी खिशातील हे यंत्र वही, घड्याळ व साक्षीदार या तिन्हींचे काम करू शकते. ते कसे करून घ्यावे याचे विवेचन पुढे केले आहे.

औषधाच्या डब्याचे छायाचित्र

सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत सोपा उपयोग प्रथम सांगणे इष्ट होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करीत असता विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले व शेकडो आजारी झाले. अशा रोग्यास दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "कोणते औषध फवारले?" त्या वेळी बरोबर आलेले लोक "पांढरे पाणी होते", "हिरव्या बाटलीतले होते" अशी उत्तरे देतात. या उत्तरांचा डॉक्टरांस काही उपयोग होत नाही.

विषबाधेवरील उपचार औषधाच्या जातीनुसार बदलतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा दिला जातो. पायरेथ्रॉइड गटातील औषधांवर तसा विशिष्ट उतारा नसून लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. औषधातील क्रियाशील घटकाचे नाव, विषारीपणा दर्शविणारा लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा त्रिकोण आणि उताऱ्याची माहिती ही सर्व लेबलावर व डब्यासोबतच्या पत्रकावर छापलेली असते. मात्र डबा शेतात राहतो, पत्रक वाऱ्याने उडून जाते आणि रोगी तालुक्याच्या गावी पोहोचतो.

यास्तव डब्याचे बूच उघडण्यापूर्वीच, हात स्वच्छ असताना, लेबलाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची पद्धत मुळातच टाळण्यासारखी आहे. तथापि जेथे ती चालू आहे, तेथे प्रत्येक डब्याचे छायाचित्र निराळे घ्यावे. फवारणीस मजूर लावला असेल तर त्याच्या घरच्यांच्या फोनवरही ती छायाचित्रे पाठवावीत. त्यास त्रास झालाच तर अंगावरील कपडे काढून, अंग साबणाने धुऊन, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व डॉक्टरांपुढे छायाचित्र धरावे. शक्य असेल तर डबाही बरोबर न्यावा, परंतु तो शोधण्यात वेळ दवडू नये.

लेबलावरील अक्षरे फार बारीक असतात, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्तच आहे. चष्मा लागलेल्या माणसास ती उन्हात वाचणे शक्य नसते. छायाचित्र काढून दोन बोटांनी ते मोठे केल्यास हीच अक्षरे स्पष्ट वाचता येतात. फवारणीनंतर किती दिवस पिकाची काढणी करू नये, हेही त्यातच आढळते. फवारणी झाल्याबरोबर तेवढे दिवस मोजून फोनच्या दिनदर्शिकेत काढणीचा पहिला सुरक्षित दिवस नोंदवून ठेवावा. भाजीपाल्याच्या बाबतीत ही नोंद विशेष अगत्याची आहे. कारण तेथे तोडा दर दोन-तीन दिवसांनी होतो व फवारणीची तारीख हमखास विस्मरणात जाते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. फवारणी करतानाचे हातमोजे अथवा ओले हात घेऊन फोन हाताळू नये. तोच फोन पुढे कानाला लागतो व घरी गेल्यावर मुलांच्या हाती जातो. फवारणीच्या वेळी फोन जवळ ठेवणे भागच असेल तर तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा व ती पिशवी नंतर टाकून द्यावी.

बियाण्याची पिशवी व पावती

२०२० सालच्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडा व विदर्भातून मोठ्या संख्येने आल्या. अशा तक्रारीची पाहणी करताना वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि खरेदीची पावती यांची विचारणा होते. पेरणीच्या गडबडीत पिशवी दातांनी वा विळ्याने फाडली जाते, लेबल चिखलात पडते व पावती धुण्यात भिजते. पिशवी फोडण्यापूर्वी तिची पुढील व मागील बाजू, शिवलेले लेबल आणि पावती यांची चार छायाचित्रे घेण्यास दोन मिनिटे पुरतात. लेबलाचा रंग छायाचित्रात यावा; प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे, पायाभूत बियाण्याचे पांढरे व सत्यप्रत बियाण्याचे फिकट हिरवे असते. छायाचित्र काढले म्हणून पिशवी टाकून द्यावी असे मात्र नाही. पिशवी, लेबल, पावती व ओंजळभर बियाणे उगवण पुरी होईपर्यंत जपूनच ठेवावे.

घरचे सोयाबीन पेरावयाचे असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून उगवण तपासण्याची रीत सर्वांस परिचित आहे. मांडणीच्या दिवशी व त्यानंतर सात-आठ दिवसांनी, वरून सरळ धरून एकेक छायाचित्र घ्यावे. कोंब मोजण्याचे काम मग सावलीत बसून, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून, करता येते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याकरिता किमान ७० टक्के उगवण ठरविलेली आहे. त्याहून कमी आढळल्यास बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे लागते.

नुकसान होण्यापूर्वीचे चित्र

अतिवृष्टी, गारपीट किंवा पूर येऊन गेल्यावर छायाचित्रे सर्वच काढतात. आडव्या पडलेल्या अथवा पाण्यात बुडालेल्या पिकाचे चित्र प्रत्येकाजवळ असते; परंतु त्याच शेतात आठवड्यापूर्वी पीक कसे उभे होते याचे चित्र कोणाजवळही नसते. वास्तविक नुकसान किती झाले हे दोन चित्रांच्या तुलनेनेच कळते. नैसर्गिक आपत्तीतील मदतीकरिता पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. ही टक्केवारी ठरविताना, मुळात पीक विरळ होते की दाट होते, हा प्रश्न उपस्थित झाला की शेतकरी निरुत्तर होतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक शेतात एक जागा कायमची ठरवावी. बांधावरील आंब्याचे झाड, विहिरीचा कठडा किंवा विजेचा खांब चित्रात येईल अशा रीतीने तेथे उभे राहून, पेरणीपासून काढणीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक छायाचित्र घ्यावे. अमावास्या व पौर्णिमा हे दिवस लक्षात ठेवण्यास सोपे आहेत. संपूर्ण हंगामात अशी आठ-दहा चित्रे होतात. आपत्ती आलीच तर त्याच जागेवरून आणखी एक चित्र घेतले की तुलना आपोआप सिद्ध होते. आपत्ती न आल्यास पुढील वर्षी त्याच सुमारास पीक मागे आहे की पुढे, हे ताडून पाहण्यास ही चित्रे उपयोगी पडतात.

नुकसानीची चित्रे घेताना तीन अंतरांवरून घ्यावीत. पहिले चित्र संपूर्ण शेताचे, ओळखीच्या खुणेसह. दुसरे चार-पाच ओळींचे. आणि तिसरे एकेका झाडाचे, ज्यात मोडलेली फांदी, गळालेली बोंडे किंवा कुजलेल्या शेंगा स्पष्ट दिसतील. केवळ जवळून घेतलेले चित्र कोणाच्याही शेतातील असू शकते, व केवळ दुरून घेतलेल्या चित्रात नुकसानीचे स्वरूप कळत नाही.

या चित्रांचे खरे मोल त्यांच्यात दडलेल्या नोंदीत असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' चालू केलेले असल्यास प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख, वेळ व ठिकाण यांची नोंद आपोआप होते. पुष्कळ फोनमध्ये ही सोय बंद असते व ती चालू करण्यास अर्धा मिनिट लागतो. फोनमधील तारीख व वेळही आपोआप जुळणारी असावी. हाताने चुकीची लावलेली तारीख घात करते. दुसरी गोष्ट याहूनही कमी लोकांस माहीत आहे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठविले असता त्याचा आकार लहान होतो व त्यातील ठिकाणाची नोंद नाहीशी होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते. काहीही झाले तरी मूळ छायाचित्र आपल्या फोनमधून पुसू नये. जागा कमी पडते म्हणून शेताची चित्रे पुसली जातात व लग्नाच्या वरातीच्या चित्रफिती मात्र राहतात, असे पुष्कळदा घडते!

छायाचित्र म्हणजे अर्ज नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पंचनामा होणे, मुदतीत सूचना देणे व ठरलेल्या नमुन्यात अर्ज करणे ही कामे वेगळी करावीच लागतात. पीकविम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात. त्या हंगामाच्या आरंभीच तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून समजावून घ्याव्यात. सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची ई-पीक पाहणीची पद्धत राज्यात २०२१ सालापासून सुरू आहे. ती नोंदच राहिली असेल तर बाकीच्या चित्रांचे बळ पुष्कळ कमी होते.

कीड ओळखण्यापुरते चित्र

कीड अथवा रोग ओळखण्याकरिता कर्मचाऱ्यांकडे दररोज अनेक छायाचित्रे येतात. त्यांपैकी बरीचशी धूसर असल्याने त्यांवरून काहीच सांगता येत नाही. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घ्यावे. ही अळी भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही दिसून आली. तिच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' हे अक्षर उलटे धरल्यासारखी फिकट खूण असते व शेपटाकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. या दोन खुणा दिसल्या की ओळख पटते. न दिसल्यास मक्यावरील दुसरी कोणतीही अळी असू शकते आणि मग उपाय व खर्च दोन्ही चुकतात.

म्हणून अळी पोंग्यात असतानाच चित्र घेण्याचा खटाटोप करू नये. ती काढून पांढऱ्या कागदावर अथवा तळहाताएवढ्या पानावर ठेवावी, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, आपली सावली पडणार नाही असे उभे राहावे आणि फोन एक वीत अंतरावर धरून, पडद्यावर अळीच्या ठिकाणी बोट टेकवून मग चित्र घ्यावे. बोट टेकविल्याने कॅमेरा त्या ठिकाणी स्थिर होतो. फुलकिडे, तुडतुडे, कोळी यांसारख्या सूक्ष्म किडींकरिता दहा पट मोठे दाखविणारे साधे भिंग कॅमेऱ्यासमोर धरल्यास उत्तम चित्र मिळते. पानाची खालची बाजू दाखविण्यास विसरू नये, कारण या किडी बहुधा तेथेच असतात. अळी वा पान यांच्या जोडीला पूर्ण झाडाचे व शेताचे एकेक चित्र पाठविले असता सल्ला देणाऱ्याचे काम निम्म्याने हलके होते.

कपाशीतील कामगंध सापळ्यांचेही तसेच आहे. सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग लागोपाठ तीन रात्री सापडले तर उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. पण काल किती होते व परवा किती होते, हे आठवणीवर सोडले की हिशोब चुकतो. दररोज सकाळी सापळ्याचे एक चित्र घेऊन पतंग काढून टाकावेत. तारीख चित्राबरोबर राहतेच.

घड्याळाने पाणी मोजणे

फोनमधील टाइमर स्वयंपाकघरात कुकर मोजण्यास वापरला जातो, परंतु शेतात तो क्वचितच बाहेर निघतो. ठिबक संच बसविलेल्या शेतकऱ्यांनी तो महिन्यातून एकदा तरी बाहेर काढावा. ड्रिपर ताशी ४ लिटरचा असेल तर त्यातून ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी पडले पाहिजे. ड्रिपरखाली थोडा खड्डा करून त्यात वाटी ठेवावी, तीन मिनिटांचा टाइमर लावावा व जमलेले पाणी औषधाच्या मोजपात्रासारख्या, पण स्वच्छ व नव्या, मापाने मोजावे. नळीच्या आरंभी, मध्यभागी व शेवटी, असे पहिल्या व अखेरच्या दोन्ही नळ्यांवर करावे. समजा, आरंभी २०० व शेवटी १४० मिलिलिटर भरले. याचा अर्थ शेवटच्या झाडास ताशी ४ लिटरऐवजी २.८ लिटरच पाणी मिळत आहे. विद्राव्य खतही त्याच प्रमाणात कमी मिळत आहे, हे निराळे सांगावयास नको. अशा वेळी फिल्टर स्वच्छ करून नळ्यांची टोके सोडून द्यावीत व पुन्हा मोजावे. तरीही फरक राहिल्यास क्षार साचले आहेत किंवा दाब कमी पडतो आहे असे समजून जाणकाराचा सल्ला घ्यावा.

विहिरीच्या पाण्याचा अंदाजही याच रीतीने घेता येतो. पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचे पिंप ठेवून ते किती सेकंदांत भरते ते पाहावे. डिसेंबरात ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे ताशी १८,००० लिटर पाणी मिळते. मार्चमध्ये त्याच पिंपास ५५ सेकंद लागू लागले तर हा आकडा सुमारे १३,००० वर आलेला असतो. एक एकरास ५ सेंटिमीटर खोलीची पाळी देण्यास सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. डिसेंबरात जी पाळी सव्वाअकरा तासांत पुरी होत होती, तीस मार्चमध्ये साडेपंधरा तास लागतील. वीज दिवसाकाठी आठ तास मिळत असेल तर दीड दिवसाचे काम दोन दिवसांवर जाते. उन्हाळी भुईमूग एक एकर घ्यावा की अर्धा, हा निर्णय लागवडीपूर्वीच घेण्यास हे चार आकडे पुरेसे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मोजून सेकंदांचा आकडा फोनमध्येच टिपून ठेवावा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की विहीर केव्हा दगा देते याचा अंदाज बांधता येतो.

फवाऱ्याची चाल

विक्रेत्याने "पंपाला पंधरा मिलि टाका" असे सांगितले की शेतकरी निश्चिंत होतो. या सांगण्यामागे एकरी २०० लिटर पाणी लागेल हे गृहीत असते. १५ लिटरचे तेरा पंप व चौदाव्याचा थोडा भाग एवढ्यात एकर पुरा होईल व २०० मिलिलिटर औषध एकरभर पडेल, असा तो हिशोब असतो. मात्र प्रत्येकाची चाल निराळी असते.

ती मोजण्याकरिता शेतात ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर एक गुंठा, एवढी जागा आखून घ्यावी. पंपात निव्वळ पाणी भरून, नोझल मोजपात्रात धरून एका मिनिटात किती पाणी पडते ते पाहावे. मग नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारून किती मिनिटे लागतात ते स्टॉपवॉचवर मोजावे. समजा, मिनिटास ७०० मिलिलिटर पाणी पडते व गुंठ्यास ६ मिनिटे लागतात. म्हणजे गुंठ्यास ४.२ लिटर, व ४० गुंठ्यांच्या एकरास १६८ लिटर. या माणसाचे अकरा पंपांहून किंचित अधिक पाणी जाते आणि औषध १६८ मिलिलिटरच पडते. कीड मेली नाही म्हणून तो औषधास दोष देतो. त्याचाच धाकटा भाऊ सावकाश चालणारा असून त्यास गुंठ्यास ९ मिनिटे लागत असतील, तर एकरी २५२ लिटर पाणी व तेवढेच मिलिलिटर औषध खर्च होते. एकाच घरात, एकाच पंपाने, एकाच डब्यातून एवढा फरक पडतो.

उपाय कठीण नाही. या नोझलने २०० लिटरचे प्रमाण साधावयाचे असेल तर गुंठ्यास सात मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागला पाहिजे. थोरल्याने चाल थोडी मंद करावी, धाकट्याने वाढवावी व तोच गुंठा पुन्हा फवारून घड्याळ पाहावे. दोन-तीन वेळा केल्यावर पायास सवय लागते. पीक लहान असताना व वाढल्यावर चाल बदलते. म्हणून हंगामात दोनदा तरी हे करावे. नोझल झिजले की मिनिटाचे पाणी वाढते, हेही याच मोजणीत उघड होते.

क्षेत्र व उतार : मर्यादा ओळखून

शेताच्या कडेने चालत जाऊन क्षेत्र मोजणारी ॲप पुष्कळ मिळतात. नांगरणी, कापणी किंवा फवारणीची मजुरी ठरविण्यापुरता त्यांचा उपयोग ठीक आहे. पण त्यांवर किती विसंबावे याचा विचार केला पाहिजे. उघड्या आकाशाखालीदेखील फोनने दाखविलेल्या ठिकाणात तीन ते पाच मीटरची चूक असू शकते. दहा गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे ३२ मीटर असते. प्रत्येक बाजू तीन मीटरने जास्त धरली गेली तर क्षेत्र जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढून बारा गुंठे दिसते. हेक्टरभर शेतात तेवढीच चूक सहा टक्क्यांवर येते. म्हणून लहान तुकडे फीत लावूनच मोजावेत. झाडांच्या दाट छायेत व डोंगराच्या कुशीत चूक आणखी वाढते. आणि बांधाच्या भांडणात तर हे आकडे पुढे करूच नयेत. तेथे भूमि अभिलेख खात्याची मोजणीच ग्राह्य धरली जाते.

पुष्कळ फोनमध्ये गवंड्याच्या पाणसळीसारखी सोय असते. मीटरभर सरळ फळीवर फोन ठेवल्यास उतार अंशांत कळतो. एक अंश म्हणजे शंभर मीटरला पावणेदोन मीटर. बांधबंदिस्तीपूर्वी जमीन ढोबळ मानाने किती उतरती आहे हे समजण्यास तेवढे पुरे. परंतु सऱ्यांना लागणारा उतार याहून पुष्कळ सूक्ष्म असल्याने त्याकरिता फोन निरुपयोगी होय.

गोठ्याची दिनदर्शिका व बोलकी वही

गोठ्याचे काम बहुतेक घरी स्त्रियांकडे असते व तारखा त्यांच्या स्मरणात असतात. तरीही माजाची वेळ चुकली की जनावर तीन आठवडे भाकड राहते व वैरणीचा खर्च चालूच राहतो. गायीस कृत्रिम रेतन केल्याबरोबर दिनदर्शिकेत तीन दिवस नोंदवावेत. उदाहरणार्थ, रेतन १ जुलैस झाले असेल तर २१ दिवसांनी, म्हणजे २२ जुलैच्या मागेपुढे, ती पुन्हा माजावर येते का ते पाहावे. न आल्यास गाभणपणाची तपासणी पशुवैद्यकाकडून करवून घ्यावी. गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा धरल्यास ती ७ एप्रिलच्या सुमारास विणार. त्यापूर्वी दोन महिने, ६ फेब्रुवारीच्या सुमारास, दूध आटवावे. म्हशीचा काळ सुमारे ३१० दिवसांचा असल्याने तीच तारीख ७ मेच्या आसपास जाते. प्रत्येक नोंदीस गजर लावता येतो.

ज्यांस लिहिण्याचा सराव नाही त्यांनी ध्वनिमुद्रकाचा उपयोग करावा. दिवेलागणीस अर्धा मिनिट बोलून, आज किती बायका खुरपणीस आल्या, कोणास किती उचल दिली, युरिया किती पडला, एवढे सांगून ठेवावे. मजुरीचे वाद आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी होतात; त्या वेळी सोमवारचे बोलणे सोमवारच्याच आवाजात ऐकता येते. कर्ज मागण्यास बँकेत जाताना पिकाचा खर्च अंदाजाने सांगण्याऐवजी या नोंदींवरून घरातील शिकत्या मुलाकडून कागदावर उतरवून घ्यावा.

कार्यकर्त्यांकरिता

गावच्या सभेत स्मार्टफोनच्या उपयोगांवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. व्याख्यान ऐकून लोक माना डोलावतात व फोन खिशात ठेवतात. त्याऐवजी शेतीशाळेत एका बैठकीस एकच काम सर्वांकडून करवून घ्यावे. पहिल्या बैठकीत प्रत्येकाच्या कॅमेऱ्याचे 'लोकेशन' चालू करावे व औषधाच्या एका डब्याचे छायाचित्र काढवावे. दुसऱ्या बैठकीत कोणाच्या तरी ठिबकवर तीन मिनिटांची वाटी लावावी. तिसऱ्या बैठकीत गुंठा आखून दोघांना चालवावे. ज्यांच्याजवळ साधाच फोन आहे त्यांना किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक जतन करून द्यावा. तेथे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत सल्ला मिळतो.

शासकीय योजनेचे नाव धारण करणारी ॲपची फाइल अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर आली तर ती उघडू नये, हे प्रत्येक सभेत सांगावे. अशा फाइलींतून बँकेच्या खात्यातील पैसे काढून घेतल्याचे प्रकार घडले आहेत. योजनेची ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावीत, व फोनवर आलेला ओटीपी कोणासही, अगदी स्वतःस अधिकारी म्हणविणाऱ्यासही, सांगू नये.

फोन बांधावर उन्हात ठेवल्यास बॅटरी लवकर खराब होते. झाडाच्या छायेत, फडक्याखाली ठेवावा. शेतात जाण्यापूर्वी तो भारित करून घ्यावा. हंगाम संपल्यावर त्या हंगामाची सर्व छायाचित्रे एका निराळ्या फोल्डरमध्ये हलवून त्यास गट क्रमांक व वर्ष यांचे नाव द्यावे, आणि त्याची एक प्रत मेमरी कार्डावर किंवा घरातील दुसऱ्या फोनवर उतरवून ठेवावी. कारण विहिरीत पडलेला फोन निघाला तरी त्यातील चित्रे निघतातच असे नाही.